पोहणं, सायकल, धावणं... आणि घर!

रविवारी पहाटे साडेपाच-सहाच्या सुमारास पुण्याहून सिंहगडाच्या बाजूला किंवा नाशिकमध्ये गंगापूर रोडला गेलात, तर मागे लाल दिवा लुकलुकणाऱ्या सायकलींचे घोळके दिसतील. अलीकडे त्यांत बायकाही असतात, आणि त्या सगळ्या कॉलेजात जाणाऱ्या नसतात. कुणी चाळिशीतली, कुणी पन्नाशीला टेकलेली. कुणी बँकेत आहे, कुणी शाळेत शिकवते, कुणाचा स्वतःचा दवाखाना आहे. विचारलंत तर हसून सांगतात, "ट्रायथलॉनची तयारी चाललीय." आणि मग आपल्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो असा, "अगं, पण घरचं कसं जमवतेस?"

गंमत बघा, हा प्रश्न शेजारून सायकल चालवणाऱ्या पुरुषाला सहसा कुणी विचारत नाही. त्याला विचारतात, "सायकल केवढ्याला घेतली?" पण प्रश्न वाईट नाही हं. उलट खरं उत्तर मिळालं, तर ट्रायथलॉनच्या वाटेला कधीही न जाणाऱ्या बाईलासुद्धा ते उपयोगी पडेल.

आधी ही भानगड काय आहे ते समजून घेऊ. ट्रायथलॉन म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं, तिन्ही एकापाठोपाठ एक, मध्ये विश्रांती नाही. लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनमध्ये, म्हणजे 'आयर्नमॅन'मध्ये, ३.८ किलोमीटर पोहायचं, १८० किलोमीटर सायकल चालवायची आणि त्यानंतर ४२.२ किलोमीटर, म्हणजे पूर्ण मॅरेथॉन धावायची. २५ मीटरच्या तलावात ३.८ किलोमीटर म्हणजे दीडशेहून जास्त फेऱ्या! १८० किलोमीटर म्हणजे मुंबई-पुणे अंतराहूनही जास्त. बहुतेक ठिकाणी हे सगळं संपवायला १७ तास मिळतात. याची धाकटी बहीण म्हणजे 'हाफ', म्हणजे बरोबर निम्मी अंतरं: १.९, ९० आणि २१.१ किलोमीटर. वेळ साधारण साडेआठ तास. आपल्याला जवळची म्हणजे गोव्याची हाफ. मिरामारच्या किनाऱ्यावर ती पहिल्यांदा २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये झाली. करोनामुळे मधे खंड पडला आणि २०२२ पासून पुन्हा सुरू झाली. महाराष्ट्रातल्या अनेक जणींचं पहिलं स्वप्न असतं ते हेच.

नावात 'मॅन' असलं, तरी या खेळात बाई पहिल्यापासून आहे. अमेरिकेच्या नौदलातले अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्यांची पत्नी ज्युडी या दोघांनी मिळून १९७८ साली हवाईत पहिली स्पर्धा भरवली. तेव्हा १५ जण उतरले, १२ जणांनी पूर्ण केली, सगळे पुरुष. पुढच्याच वर्षी लिन लमेर ही एकटी बाई उतरली आणि सगळ्यांत मिळून पाचवी आली. मॅडोना ब्यूडर या कॅथलिक नन ४८ व्या वर्षी धावायला लागल्या आणि २०१२ साली, वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांनी कॅनडातली आयर्नमॅन पूर्ण केली. तुम्ही म्हणाल, "नन आहेत त्या, त्यांना कुठे संसार आहे!" बरं, मग चेल्सी सोडारोचं घ्या. २०२२ साली तिनं हवाईतली जागतिक स्पर्धा जिंकली, तेव्हा तिची मुलगी दीड वर्षाची होती, आणि बाळंतपणानंतरच्या मानसिक त्रासाबद्दलही ती उघडपणे बोलली. "पण तिचा तो व्यवसायच आहे," हेही बरोबर. म्हणूनच आता आपल्या घराकडे वळू.

आठवड्याचे १६८ तास

हाफ ट्रायथलॉनच्या तयारीला साधारण सहा महिने लागतात आणि आठवड्याला आठ ते दहा तास द्यावे लागतात. पूर्ण अंतराची असेल, तर शेवटच्या दोन-तीन महिन्यांत हा आकडा बारा-पंधरा तासांवर जातो. ऐकायला फार वाटत नाही ना? चला, कागद-पेन्सिल घेऊ.

आठवड्याचे तास १६८. रोज सात तास झोप धरली, तर ४९ गेले. आठ तासांची नोकरी, दोन तासांचा प्रवास, सहा दिवस: ६०. आता घरकाम. केंद्र सरकारनं २०२४ मध्ये केलेल्या वेळेच्या वापराच्या पाहणीत, बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात असं दिसलं. पुरुषांची सरासरी ८८ मिनिटं. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली, पण ती पुरुषांनी उचलली म्हणावं तर त्यांचीही नऊ मिनिटं कमीच झाली!

२८९ मिनिटं गुणिले सात, म्हणजे आठवड्याला जवळजवळ ३४ तास. नोकरी करणाऱ्या बाईचा आकडा थोडा कमी असेल, पण घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल, तर ती कसर भरून निघतेच. बेरीज झाली १४३. जेवणखाण, आंघोळ, वेणीफणी याला रोज दोन तास धरले, की १५७. उरले ११ तास. त्यातले दहा ट्रायथलॉनला दिले, तर मुलांचा अभ्यास, सासऱ्यांची तपासणी, नात्यातलं लग्न, मैत्रिणीचा फोन आणि नुसतं गॅलरीत बसून राहणं, या सगळ्यासाठी उरला आठवड्याला एक तास.

यातही एक मेख आहे. हे अकरा तास सलग मिळत नाहीत. दहा मिनिटं कुकरच्या शिट्ट्यांच्या मध्ये, वीस मिनिटं मुलाच्या क्लासबाहेर, पंधरा मिनिटं रात्री ओटा पुसल्यावर, असे ते येतात. बाईचा वेळ चिल्लर असतो. आणि ९० किलोमीटर सायकल चालवायला चार तासांची सबंध नोट लागते. कितीही चिल्लर साठवली, तरी ही नोट मोडून मिळत नाही.

पहाटे चारचा अलार्म

मग बायका काय करतात? झोपेतून घेतात. आपल्याकडे अशा बाईची गोष्ट सांगायची एक ठरलेली पद्धत आहे. "पहाटे चारला उठते, सगळ्यांचे डबे करते, मग पोहायला जाते, आठला परत, नऊला ऑफिसात!" ऐकणाऱ्याला धन्य वाटतं. त्या बाईला विचारा, रात्री झोपतेस किती वाजता? साडेअकरा. म्हणजे झोप साडेचार तास.

इथे शरीराचं शास्त्र समजून घ्यायला हवं. पोहताना, धावताना आपण स्नायूंवर ताण टाकतो. ते बळकट होतात ते नंतरच्या विश्रांतीत, मुख्यतः झोपेत. झोप कापली की मेहनत पदरात पडत नाही. पाय सतत दुखतात, सर्दी-खोकला हटत नाही, चिडचिड वाढते, मग कधीतरी पायाच्या हाडाला बारीक चीर जाते आणि तीन महिने घरी बसावं लागतं.

यात अपुऱ्या खाण्याची भर पडली तर आणखी बिघडतं. मेहनतीच्या मानानं पोटात कमी गेलं, की शरीर काटकसर सुरू करतं. पाळी अनियमित होते, कधी थांबतेच. हाडं ठिसूळ होऊ लागतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ साली या अवस्थेला वेगळं नाव देऊन सगळ्या खेळाडूंना सावध केलं. "पाळी थांबली, बरं झालं, कटकट गेली," असं कुणी म्हणाली, तर तिला आधी डॉक्टरकडे न्या. ती धोक्याची घंटा आहे.

आणि हो, 'आयर्न' म्हणजे लोह. नाव लोहाचं, पण आपल्या रक्तात ते असतं का? २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी होतं. पाळीतून लोह जातं, लांब पल्ल्याच्या धावण्यातही थोडं थोडं जातं. जिना चढताना धाप लागते ती 'स्टॅमिना नाही' म्हणून की हिमोग्लोबिन कमी आहे म्हणून, हे तपासणीशिवाय कळत नाही. तेव्हा महागडे बूट घ्यायच्या आधी रक्त तपासा. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारून. आणि जेवणानंतर लगेच चहा घ्यायची सवय असेल, तर ती मोडा. चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. भाजीवर लिंबू पिळलंत तर उलट फायदा.

उपासाचंही तेच. नवरात्राचे नऊ दिवस कडक उपास आणि रविवारी चार तास सायकल, हे एकत्र जमत नाही. लांबच्या सरावात तासाला साधारण ६० ग्रॅम पिष्टमय पदार्थ पोटात जावे लागतात. एका मध्यम केळ्यातून २५ ग्रॅमच्या आसपास मिळतात, म्हणजे दोन केळी आणि साखर-मीठ घातलेलं लिंबू सरबत झालं की तासाची बेगमी होते. उकडलेला बटाटा मीठ लावून नेला तरी चालतो. उपास धरायचाच असेल, तर त्या आठवड्यात सराव हलका ठेवा. देवाला दोन्ही चालतं, शरीराला एकच झेपतं.

मदत की वाटणी?

म्हणजे वेळ झोपेतून घ्यायचा नाही, खाण्यातून घ्यायचा नाही, नोकरीतून मिळत नाही. मग उरतात ते घरकामाचे ३४ तास. जमवायचं ते तिथेच.

इथे घरोघरी एक शब्द ऐकू येतो: मदत. "आमचे हे फार मदत करतात हो." मदत कुणाला करतात? ज्याचं काम असतं त्याला. म्हणजे काम तिचंच राहिलं, त्यानं फक्त हात लावला. सायकल चालवताना तिच्या डोक्यात यादी चालूच: गॅस संपत आलाय, दूधवाल्याचा हिशोब राहिलाय, मंगळवारी पालकसभा आहे, डाळ भिजत घातली का? घरकामाचे दोन भाग असतात, एक करायचं आणि दुसरं लक्षात ठेवायचं. आपण पहिल्याचा थोडा वाटा देतो आणि दुसरा सगळा स्वतःकडे ठेवतो.

वाटणी म्हणजे काम लक्षात ठेवण्यासकट देऊन टाकणं. उदाहरणार्थ, रविवार सकाळ अकरापर्यंत नवऱ्याची. चहा, नाश्ता, मुलांच्या आंघोळी, सगळं. पोहे केले तर उत्तम, ब्रेड-बटर दिलं तरी घर मोडत नाही. आणि "जिऱ्याचा डबा कुठाय गं?" असा फोन येता कामा नये. आपणही परत आल्यावर ओटा बघून सुस्कारा टाकायचा नाही! काम दिलं की ते ज्याला दिलं त्याच्या पद्धतीनं होणार, हे गिळणं आपल्याला सायकल चालवण्याहून जड जातं, हे मान्य करू या. मुलंही यात येतात. दहा-बारा वर्षांचा मुलगा स्वतःचं दप्तर भरू शकतो, कुकर लावायलाही शिकतो.

यात वेळापत्रक फार कामाला येतं. सरावाचं वेळापत्रक बहुतेक वेळा असं आखतात की तीन आठवडे चढता सराव आणि चौथा आठवडा हलका. गोव्याची स्पर्धा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास असते. म्हणजे सगळ्यात कष्टाचे आठवडे नेमके कुठे येतात? गणपती, गौरी, पक्ष, नवरात्र! कॅलेंडर समोर ठेवून गौरी-गणपतीचा आठवडा आधीच 'हलका' म्हणून लिहून टाका. मुलांच्या सहामाही परीक्षेचाही. जून ते सप्टेंबर पावसाळा. रस्ते निसरडे, खड्डे पाण्याखाली. मागचं चाक अडकवून घरातच सायकल चालवायचं ट्रेनर नावाचं यंत्र मिळतं, ते या दिवसांत बरं. पोहण्यासाठी तलावावरच्या लेडीज बॅचची वेळ आधी विचारा, कारण ती बदलून मिळत नाही; आठवडा तिच्याभोवतीच लावावा लागतो.

घरातल्यांना तारीख सांगा. "मी आता व्यायाम करणार" असं मोघम सांगितलं, तर सासूबाईंना ते आयुष्यभराचं वाटतं. "अमुक तारखेपर्यंत, सहा महिने, आठवड्याला एवढे तास," असं सांगितलं की त्याला शेवट आहे हे कळतं. मुदतीचं काम माणसं उचलतात. आणि परतफेडीचंही बोला. नवऱ्यानं सहा महिने रविवार सांभाळले, तर पुढचे सहा महिने त्याला हवं ते करायला मोकळीक, आणि आईला किंवा सासूबाईंना आठ दिवस कुठे तरी निवांत जायची सोय.

मावशींची पहाट

एक गोष्ट आपण सहसा बोलत नाही. पुष्कळ घरांत ही वाटणी नवऱ्याशी न होता स्वयंपाकाच्या मावशींशी होते. त्या सात वाजता येतात म्हणून आपल्याला सहा ते आठ पोहायला जाता येतं. पण सातला आपल्याकडे येण्यासाठी त्या स्वतःच्या घरचा स्वयंपाक उरकून पहाटेच निघालेल्या असतात. त्यांना पदक नाही, त्यांचा फोटो नाही. मावशी ठेवू नयेत असं अजिबात नाही. त्यांचा संसार त्यावर चालतो. पण सरावासाठी त्यांना अर्धा तास लवकर बोलावलं, तर त्या अर्ध्या तासाचे पैसे वेगळे द्यावेत, आठवड्याची सुट्टी पक्की द्यावी. आपल्याला विश्रांतीचा दिवस लागतो, तसा त्यांनाही लागतो.

हा खेळ स्वस्त नाही, हेही सांगून टाकते. चांगल्या रेसिंग सायकलच्या पैशांत स्कूटर येते, स्पर्धेची फी हजारांत, शिवाय प्रवास, राहणं. म्हणून पहिल्याच वर्षी लांब पल्ल्याचा आणि महाग सायकलचा हट्ट नको. लहान अंतराच्या ट्रायथलॉनही असतात, आणि साधी, नीट दुरुस्त केलेली सायकल तिथे चालते.

सुरुवात करताना

* पस्तिशी उलटली असेल किंवा मधुमेह, रक्तदाब असेल, तर डॉक्टरांकडून तपासून घ्या. हिमोग्लोबिन सगळ्यांनीच.
* पोहता येत नाही म्हणून मागे हटू नका. २०२५ साली हवाईतली जागतिक स्पर्धा वयाच्या ८० व्या वर्षी पूर्ण करणाऱ्या अमेरिकेच्या नॅटली ग्रेबाउ पोहायला शिकल्या त्या ५९ व्या वर्षी.
* समुद्रात किंवा धरणात एकटीनं कधीही सराव करू नका. प्रशिक्षक, जीवरक्षक आणि सोबत, तिन्ही हवीत.
* अंधारात सायकल काढताना घोळक्यात जा. पुढे-मागे दिवे, हेल्मेट, आणि कुठल्या रस्त्यानं जाणार हे घरी सांगितलेलं असू द्या.
* आठवड्यातला एक दिवस पूर्ण विश्रांतीचा. त्या दिवशी माळे साफ करायला काढू नका!
* सलग दोन आठवडे झोप सहा तासांच्या खाली गेली, तर सराव कमी करा, झोप नाही.

ट्रायथलॉनमध्ये पाण्यातून बाहेर येऊन सायकलवर बसायचं आणि सायकलवरून उतरून धावायला लागायचं, या दोन बदलांना खेळाडू गमतीनं 'चौथा खेळ' म्हणतात. ओले केस, डोक्यावर हेल्मेट, पायात बूट, सगळं हाताशी ओळीनं मांडून ठेवायचं आणि एक मिनिटही वाया घालवायचं नाही. आपल्याला यात शिकण्यासारखं फारसं नाही. पोळ्या लाटता लाटता मुलाचं पाठांतर घेणं, गॅस बंद करून दोन मिनिटांत साडी नेसून बस गाठणं, हा खेळ आपण वर्षानुवर्षं खेळत आलोय. फरक एवढाच की स्पर्धेत या बदलांचा वेळही घड्याळात मोजतात आणि निकालाच्या कागदावर छापतात. घरात तो कुणीच मोजत नाही, आपणही नाही.

तेव्हा तुम्ही ट्रायथलॉन करा किंवा करू नका. गाण्याचा क्लास असेल, अर्धवट राहिलेली एम.ए.ची परीक्षा असेल, नाहीतर संध्याकाळी तासभर नुसतं चालायला जायचं असेल, हिशोब तोच आहे. एक आठवडा, फक्त एकच, आपल्या घरात कोण कुठलं काम किती मिनिटं करतं ते कागदावर लिहा. लक्षात ठेवायची कामंसुद्धा. मग तो कागद फ्रिजवर लावा आणि रात्री जेवताना सगळ्यांना वाचायला सांगा. भांडायची गरज नाही, बोलणं आपोआप सुरू होईल. त्या बोलण्यातून आठवड्याचे चार सलग तास जरी निघाले, तरी सायकलला हवा भरायला हरकत नाही.